सनई बसत नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

जुना लॅपटॉप गेला. आठ वर्षं त्याने माझी साथ केली, त्यातली शेवटची चार आमच्या बेडशाच्या, लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीचा गाडा ओढला आणि शेवटी भाताच्या भुशाने त्याचा जीव घेतला. चूक माझीच. झोडणी चालू होती, पडवीतली कोरडी जागा म्हणून मी तो पोत्यांच्या थप्पीवर ठेवला आणि चालू ठेवून जेवायला बसले. त्याचा पंखा बिचारा भुसा ओढत राहिला. कामशेतच्या दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण काढलं तर आतून वाटीभर तूस निघालं. म्हणाला, "ताई, अजून पंधरा दिस ठेवला असता तर ह्यात रोपच आलं असतं." वर हसला. मला हसू आलं नाही.

नवा घेतला. दुकानदार म्हणाला, प्रोसेसरच नव्या जातीचा आहे, जुन्याच्या चौपट पळतो. तळेगावच्या श्रीयशला फोन केला. तो डिप्लोमाला माझ्या वर्गात होता, आता स्वतःचा छोटा स्टुडिओ चालवतो. तो म्हणाला, "कोमल, नवा प्रोसेसर म्हणजे जुनी प्लगिनं रडणार. काय बदललंस, काय बिघडलं, ते रोज तारीख घालून लिहून ठेव. नाहीतर तिसऱ्या दिवशी तुझं तुलाच कळणार नाही." म्हणून ही वही.

रडू देत प्लगिनं. मी रडणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रडली. चौदातली दहा.

माझा कीबोर्ड स्वतः मुका आहे. मी पट्टी दाबते आणि आवाज काढतं लॅपटॉपमधलं प्लगिन. सनईचं एक, क्लॅरिनेटचं एक, संबळाचं एक, असा सगळा कुणबा मी आठ वर्षांत गोळा केलाय. नव्या लॅपटॉपवर मुख्य प्रोग्राम झोकात उघडला आणि यादीत नऊ नावांपुढे करडी फुली. दहाव्या सनईचं तर नावसुद्धा दाखवेना. कुणा परदेशी माणसाने ती फुकट बनवून ठेवली होती आणि सहा वर्षांपूर्वी दुकान बंद करून तो निघून गेला. त्याला लिहिलेला मेल परत आला.

आणि सनईशिवाय बेंजो पार्टी म्हणजे मिठाशिवाय कालवण. हळदीला बायका पहिली फर्माईश करतात ती सनईची.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुसऱ्या एका कंपनीची नवी सनई विकत घेतली. नव्या प्रोसेसरवर लगेच उघडली. आवाज देखणा आहे. उद्या लोणावळ्याची सुपारी, वरात आहे. बाकीची नऊ प्लगिनं नसली तरी सनईवर निभावून नेईन.

९ नोव्हेंबर, रविवार

निभावलं नाही.

टेंपोवर नेहमीसारखं बसलो. मधे मी, उजवीकडे माझे वडील, आबा, त्यांचा बेंजो घेऊन, मागे कोंडाजीकाका ट्रम्पेटवर, टपाजवळ चुलते नथूतात्यांचा मुलगा संदेश मिक्सरवर, खाली ढोलवाले. पूर्वी लॅपटॉप मी कीबोर्डच्या खाली पेटीत झाकून ठेवायचे, चार वर्षांत तो वाजताना कधी बघावा लागला नाही. नव्याचा भरवसा नाही. कधी कोणतं प्लगिन मान टाकेल सांगता येत नाही, म्हणून त्याला पट्ट्यांच्या पुढे उंच स्टँड लावला, पडदा डोळ्यांसमोर.

दोन तास वाजवलं. लोक नाचले. खाली उतरल्यावर नथूतात्यांनी आबांना विचारलं, "काय गोरख, नव्या मशिनीचं काय?"

आबा म्हणाले, "सनई बसत न्हाई."

झालं. आमच्यात टेंपो नथूतात्यांचा, नाव नथूतात्यांचं, पण सुराचा शब्द धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या आबांचा. चाळीस वर्षं त्या तारांवर बोटं आपटलेला माणूस. ते "बसत न्हाई" म्हणाले की बसत नाही.

तात्या मला म्हणाले, "हे बघ कोमे, महिनाअखेरीला सरपंचाच्या पोरीचं मांडव डहाळं हायेत, आपल्याच गावात. त्या दिसापातूर गोरख 'बसली' म्हनला तर जागा तुजी. न्हाईतर संदेशचा रेडिमेड कीबोर्ड हायेच. त्यात आवाज आतच भरल्यालं असत्यात, कटकट न्हाई."

चार वर्षांपूर्वी मी गाडीवर चढले तेव्हा अख्ख्या मावळात एकाही बेंजोत पोरगी कीबोर्डवर नव्हती. सोयऱ्याधायऱ्यांनी आईला टोमणे मारून हैराण केलं होतं. तेव्हा ही जागा मिळवायला मी किती भांडले ते मला ठाऊक. ती एका प्रोसेसरपायी जाऊ देऊ? संदेशला? हॅट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आता मला हे प्रकरण समजलंय, म्हणून लिहून ठेवते.

जुनी प्लगिनं जुन्या प्रोसेसरच्या बोलीत लिहिलेली. नव्याला ती बोली येत नाही. म्हणून लॅपटॉपमध्ये एक दुभाषी बसवलेला आहे. त्याला "मुख्य प्रोग्राम दुभाष्यामार्फत उघड" असं सांगितलं की जुनी प्लगिनं बोलायला लागतात. दहांपैकी नऊ बोलली! मी खोलीत एकटीच नाचले. जुनी सनई तेवढी नाही. ती इतकी पुराणी आहे की दुभाष्यालाही तिचं बोलणं कळत नाही.

पण दुभाषी बसला की नवी सनई दिसेनाशी होते, तिला दुभाष्याची अॅलर्जी. म्हणजे नऊ जुनी हवीत तर सनई नाही, सनई हवी तर नऊ नाहीत. जावा-जावांचं एका चुलीवर पटत नाही ते हेच.

आबा दारातून बघत होते. मी म्हटलं, "आबा, नऊ लागली." ते नुसते हसले आणि भात वाळवायला गेले. बसली म्हणायला तोंड दुखतं त्यांचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

तळेगावला श्रीयशकडे गेले. त्याने एका तासात रस्ता काढला. दोन चुली मांडायच्या. मुख्य प्रोग्राम दुभाष्यामार्फत, त्यात नऊ जुनी. दुसरा छोटा प्रोग्राम सरळ नव्या बोलीत, त्यात फक्त सनई. दोघांना आतल्या आत एका आभासी वायरीने जोडायचं. पट्टी मी एकच दाबायची, ती दोघांकडे जाते.

मग मी त्याला आबांचं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "बसत नाही म्हणजे सूर नाही गं, वेळ. आवाज उशिरा येत असेल." मोजलं. पट्टी दाबल्यापासून सनई पंचवीस मिलिसेकंद उशिरा! मला आबांचा इतका अभिमान वाटला. एवढासा उशीर, आणि ढोलांच्या दणदणाटात तो त्या म्हाताऱ्या कानांनी पकडला. श्रीयश म्हणाला, "काका म्हणजे यंत्र आहे यंत्र."

पंचवीसचे आठ केले. श्रीयशने कानाला हेडफोन लावून डोळे मिटले आणि म्हणाला, "आता यात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय."

तो पासष्ट वर्षांपूर्वी बेडशात जन्मलाय, हे त्याला ठाऊक नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पवनेकडची हळद, दुपारची. चौदाच्या चौदा प्लगिनं चालली. आणि आबा म्हणाले, "बसत न्हाई."

वाजवताना त्यांचं एकच चाललेलं. मान लांब करकरून माझ्या पडद्याकडे बघायचं. मध्येच स्टूल अर्धा फूट डावीकडे सरकवलं. मग उजवीकडे. मला राग आला. माझ्या मशीनमध्ये फुल्या शोधताय काय? मी लॅपटॉप आणखी त्यांच्या बाजूला वळवून मधे भिंतच केली. दोनदा त्यांचा बेंजो माझ्या आधी समेवर आला. दुसऱ्याला चुका काढणारे, स्वतःच चुकले. हे मी इथे लिहिणारच.

उतरल्यावर कोंडाजीकाका हळूच म्हणाले, "कोमल, मला तर लय ग्वाड लागतीया सनई." मी म्हटलं, "काका, तुमी मला बरं वाटावं म्हनून म्हनताय." त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसताच ट्रम्पेट पुसत बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

आबा माझ्यावर रागावलेत. सकाळी खळ्यावर ते सूप घेऊन पाठमोरे बसले होते. मी मागून तीन हाका मारल्या. वळून बघितलं नाही. आई म्हणाली, "फुडं जाऊन बोल की." मी का जाऊ? राग त्यांना आलाय की मला?

ठीक आहे. राग तर राग. मीही त्यांचीच मुलगी आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आठचे चार केले. चारवर गेलं की सनई तव्यावरच्या मोहरीसारखी तडतडते, कारण दुभाषी प्रोसेसरचा अर्धा जीव खातो. मग दुभाष्याची मदत लागणारी नऊपैकी सहा प्लगिनं नव्या आवृत्तीची आणून बदलली, एकेकाचं रजिस्ट्रेशन, एकेकाचा जुना पासवर्ड. हात दुखले. पण आता चारवर लोण्यासारखं चालतं.

संदेश घरी आला होता. म्हणाला, "तुजी ती मिक्सरची जुनी वायर बदल, सैल हाय. ही घे माझी." चांगली पितळी टोकांची वायर. मी घेतली नाही. शत्रूच्या हातचं पाणी पिऊ नये. तो ओट्यावर वायर ठेवून निघून गेला. आहे तिथेच पडून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आबांना खोलीत बसवलं. म्हटलं, "इथं शांततेत ऐका आनि काय खुपतंय ते सांगा." सनईवर एक पूर्ण चाल वाजवली. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, अगदी खांद्याशी. चाल संपल्यावर म्हणाले, "हितं बसतीया."

"हितं बसती आनि गाडीवर न्हाई?"

"गाडीवर न्हाई."

असा न्याय असतो का? मी म्हटलं, "आबा, तुमाला मी गाडीवर नकोच हाय, तसं सांगा सरळ." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण ते वळले आणि बाहेर गेले. बरं झालं मी बोलले. चार वर्षांत कुणीतरी बोलायला हवंच होतं.

रविवारी डहाळे. मी मुद्दाम चांगली साडी नेसणार आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी दहाला सरपंचांच्या दारातून निघालो. शिवारातून मांडवावर घालायचे आंब्या-उंबराचे डहाळे भरून सजवलेली बैलगाडी पुढे, कलश घेतलेल्या बायका मागे, त्यांच्या मागे आमचा टेंपो. ऊन चांगलंच लागत होतं. पहिली तीन गाणी झक्क. मारुतीच्या देवळाशी वळताना मी सनईची चाल धरली आणि दुसऱ्या ओळीला सनई बंद.

सगळी नाही. संबळ होता, खालचा ठेका होता. फक्त सनईची चूल विझलेली. पडद्यावर उन्हाची चमक, काही दिसेना. जे दिसलं ते गोठलेलं. समोर शंभर माणूस नाचतंय आणि नथूतात्या मागे वळून बघताहेत. थांबले असते तर संपलंच होतं सगळं. मी डाव्या हाताने लॅपटॉप मिटला (मिटला तरी चालू राहतो, तशी सेटिंग आहे), स्टँडवरून उचलून पायाशी ठेवला आणि उजवा हात पट्ट्यांवर चालवतच राहिले. मुक्या पट्ट्यांवर. सगळी चाल, मुरक्यांसकट, निव्वळ नाटक. मला वाटलं, मरू दे, पण मी हात उचलणार नाही.

कोंडाजीकाकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सनईची ओळ ट्रम्पेटवर उचलली. आबांचा बेंजो तर असा लागला म्हणून सांगू! माझ्या प्रत्येक बोटाबरोबर त्यांचं बोट. एकही सम चुकली नाही. मान सरळ, चेहरा खुललेला. चार वर्षांपूर्वीचे आबा.

अर्धा तास तसंच. मांडवाच्या दारात थांबलो. आबा स्टुलावरून उठले, सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "आज बसली सनई! तात्या, आज बसली बघ."

तात्या म्हणाले, "मंग इशयच संपला. जागा कोमलची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोंडाजीकाका जमिनीकडे बघत होते. संदेश मिक्सरवर, सनई वाजली की पेटणाऱ्या आणि आता विझलेल्या दिव्याकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

सनई वाजलीच नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

आबा वावरात पेंढ्या रचत होते. मी पुढून गेले, समोर उभी राहिले, तोंड दिसेल अशी.

"आबा, काल सनई बंद होती."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, "कदीपासनं?"

"मारुतीपासनं. अर्धा तास."

"मला वाटलंच न्हाई," असं म्हणून ते हसायला लागले. हसता हसता बांधावर बसले आणि रडायला लागले. मी माझ्या बापाला रडताना कधी बघितलं नव्हतं.

चार वर्षं झाली म्हणे. आधी बारीक सूर गेले. मग पाखरं. ढोल छातीत वाजतो म्हणून कळतो, माणसाचं बोलणं तोंड दिसलं तर कळतं.

"मंग वाजवताय कसं?"

"तुजी बोटं बघून," ते म्हणाले. "तू गाडीवर आली तवाच म्हनलं, देवानं सोय केली. संदेशची बोटं मला वाचता येत न्हाईत, लय घाई करतंय त्ये. तुजी मीच शिकवल्याली."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तात्यानं मला बसवला असता घरी. आनि तू लावलास त्यो पडदा मधी."

मी पडदा लावला. मी लावला आणि वर त्यांच्याकडे वळवलाही. महिनाभर पंचवीसचे आठ, आठचे चार करत बसले, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने माझी बोटं बघायला मान लांब केली तर मी म्हटलं फुल्या शोधताय. खळ्यावरच्या त्या तीन हाका आठवल्या आणि मला माझ्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. तळेगावला कानाच्या डॉक्टरकडे नेते म्हटलं. ते म्हणाले, "मागंच जाऊन आलो गपचूप. मशिन लावून माणसाचं बोलनं कळंल, सूर न्हाई कळायचा, म्हनाला." बोलणं तर कळेल ना? मग मशीन लावायचंच. त्यावर वाद नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

नथूतात्या आले. संदेश सोबत. आबा गिरणीवर गेले होते, ती वेळ बघूनच आले असणार. संदेशने विझलेल्या दिव्याचं घरी सांगितलं होतं. त्याच्यावर चिडायचं होतं, पण तो मान खाली घालून बसलेला. तात्या दिव्याबद्दल मला रागावलेच नाहीत. आवाज बारीक करून म्हणाले, "गोरखला ऐकू येत न्हाई. व्हय ना?"

मी लॅपटॉपचं झाकण पुसत राहिले.

"तुजी जागा कायम. त्यात बदल न्हाई. पन भर वरातीत गोरख चुकला तर पार्टीचं नाव जातंय. इज्जतीनं घरी बसवू. पार्टी मोठी करायची तर असं कठोर व्हावं लागतं कोमे." वर म्हणाले, "तुज्या त्या मशिनीत बेंजोचं पन प्लगिन असंल की. एका हातानं सनई, एका हातानं बेंजो. उद्या सांग मला."

मला हवी होती ती जागा मिळाली होती आणि ती अशी मिळाली होती.

ते गेल्यावर मी शोधलं. नव्या सनईच्या पॅकमध्येच बेंजो फुकट आलेला, मी कधी उघडलाच नव्हता. क्लिक केलं. पहिल्या फटक्यात उघडला. दुभाषी नको, दुसरी चूल नको, वायर नको, उशीर शून्य. महिनाभर ज्याच्यासाठी मी कपाळ फोडलं ते हे एकटं प्लगिन शहाण्यासारखं वाजायला तयार. आवाजही खरा, तारेची करकर धरून. संदेश वायर न्यायला परत आला होता, दारात उभा राहून त्याने अख्खी चाल ऐकली. मग निघून गेला. वायर नेली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

तात्या सकाळीच हजर. ओट्यावर बसले. संदेश खांबाला टेकून उभा. आबा आत अंघोळीला.

"मंग? बगितलंस?"

"बगितलं तात्या," मी म्हटलं. "नव्या प्रोसेसरवर बेंजो चालत न्हाई."

"दुभाषी का काय म्हनतीस, त्ये लावून?"

"दुभाषी लावून पन न्हाई. श्रीयशला पन इचारलं. जगात कुनाचाच चालत न्हाई."

तात्या मला ओळखून आहेत. ते संदेशकडे वळले. "काय रं, तुला कळतंय ह्यातलं. खरंच न्हाई चालत?"

संदेश माझ्याकडे न बघता बापाला म्हणाला, "न्हाई चालत तात्या. मी काल सोता कानानं ऐकलं. पार फाटका आवाज येतुया."

तात्यांनी दोघांकडे बघितलं. मग टोपी झटकली. "मंग आपला गोरखच बरा," म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

रविवारी कामशेतला वरात आहे. लॅपटॉप पुन्हा कीबोर्डखालच्या पेटीत जाणार, मधे मला काडीसुद्धा नको. आबांचं स्टूल माझ्या बोटांपासून दोन फुटांवर ठेवणार आहे. कुणी ते हलवून तर बघू दे.